पहिली बैठक कुणाच्या ओसरीवर झाली?

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पुरस्काराच्या नियमांवर चर्चा झाली. त्या वेळी आपल्या सचिवताईंनी केलेले भाषण सभेला न आलेल्या भगिनींसाठी इथे देत आहोत.)

अध्यक्षताई, व्यासपीठावरच्या सगळ्या पदाधिकारी आणि समोर बसलेल्या माझ्या मावश्यांनो, तायांनो, लेकींनो,

आजच्या विषयपत्रिकेवर सहावा विषय आहे पुरस्काराचा. यंदापासून आपला संघ दरवर्षी पाच जणींचा सन्मान करणार, हे मागच्या सभेत ठरलं. नियमांचा मसुदा करायचं काम माझ्याकडं आलं. मी तो केला. आताच तुम्हाला वाटलेल्या कागदावर तो छापलेला आहे. बचत नियमित असेल तर वीस गुण, परतफेड शंभर टक्के असेल तर तीस, व्यवसायाची उलाढाल मोठी असेल तर तीस, बैठकीची हजेरी वीस. बेरीज शंभर. हिशोब चोख. मला वाटलं, झालं काम.

पण तायांनो, तो मसुदा मी आज मागं घेणार आहे. का ते सांगते. पंधरा मिनिटं द्या, जेवण तयार व्हायला तेवढा वेळ आहेच.

माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. रात्री मी या मसुद्याचा कागद घेऊन बसले होते आणि ती मोठ्यानं पाठांतर करत होती. कुठल्या देशाचा कुठला सन्मान, कुणाला मिळाला, कधी मिळाला. त्यात एक नाव आलं, बार्बाडोस. मी म्हटलं, हा कुठला गं देश? ती म्हणाली, "आत्या, क्रिकेटची वेस्ट इंडीज टीम असते ना, त्यातलं एक बेट." मग ती सांगत गेली, मी विचारत गेले. पुढं आठवडाभर मी स्वतः वाचत राहिले. आपल्याला सन्मानाचे नियम करायचे आहेत, तर दुसऱ्यांनी कसे केले ते बघावं, एवढाच हेतू होता. पण ते वाचताना माझाच कागद मला चुकीचा वाटायला लागला.

बार्बाडोस हे अटलांटिक समुद्रातलं एक बेट. आकार साधारण 430 चौरस किलोमीटर. आपल्याकडचे बरेचसे तालुके त्याच्याहून मोठे आहेत. वस्ती तीन लाखांच्या आतली. राजधानी ब्रिजटाऊन. आणि पीक कुठलं? ऊस. आपल्याला ऊस काय असतो ते सांगायला नको. पाचटानं हात कसे कापतात, मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर कसं चढावं लागतं, हे इथं बसलेल्या कितीतरी जणींना ठाऊक आहे. त्या बेटावर इंग्रज मळेवाल्यांनी आफ्रिकेतून माणसं पकडून आणली आणि दोनशे वर्षं त्यांच्याकडून ऊस करून घेतला. मजुरी नाही, उचल नाही, सुट्टी नाही. माणूसच विकत घेतलेला. बाईला झालेलं मूलसुद्धा मालकाचं.

हा देश 30 नोव्हेंबर 1966 ला स्वतंत्र झाला. 1998 साली त्यांनी कायदा केला की आपल्या देशाचे जे खरे वीर, त्यांना 'राष्ट्रीय वीर' म्हणायचं. तिथला हा सगळ्यात मोठा सन्मान. नावाआधी 'राइट एक्सलंट' अशी पदवी लागते. 28 एप्रिलला त्यांच्या नावानं देशभर सुट्टी असते. राजधानीतल्या मुख्य चौकाला आधी इंग्रजांच्या एका लढाईचं नाव होतं, ते बदलून 'राष्ट्रीय वीर चौक' केलं. पहिल्या यादीत दहा नावं होती, 2021 साली अकरावं आलं.

मी ती नावं कागदावर लिहून काढली. मळ्यांचा एकही मालक त्यात नाही. मग कोण आहेत?

पहिला बुसा. त्याचं पूर्ण नावसुद्धा कागदोपत्री नाही, नुसतं बुसा. आफ्रिकेतून आणलेला गुलाम, मळ्यावर मुकादमासारखं काम करायचा. 1816 च्या एप्रिलात, ईस्टरच्या सणाला, त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी उठाव केला. अनेक मळ्यांतला ऊस पेटला. काही दिवसांत सैन्यानं तो उठाव मोडून काढला. बुसा लढाईत मेला, शेकडो जण मारले गेले, कितीतरी जणांना फाशी दिली. म्हणजे हिशोबानं बघितलं तर बुसा हरलाच. 1834 ला गुलामगिरीचा कायदा रद्द झाला, पुरतं स्वातंत्र्य मिळायला 1838 उजाडलं. आणि सरकारनं भरपाई दिली ती कुणाला? मालकांना! ज्यांनी घाम गाळला त्यांना दमडी नाही. बुसा यातलं काही बघायला नव्हता. तरी देशानं त्याला पहिल्या यादीत घेतलं. माझ्या गुणपत्रिकेत बुसाला किती गुण मिळाले असते? शून्य.

दुसरं नाव एका बाईचं. तिचं नाव वाचून मी पान उलटलंच नाही, तिथंच थांबले. सारा ॲन गिल.

सारा 1795 ची. आई काळी, वडील गोरे. ती गुलाम नव्हती, पण गोऱ्यांच्या बरोबरीचीही नव्हती. असल्या लोकांना तिथं स्वतंत्र म्हणत, हक्क मात्र अर्धेमुर्धे. नवरा वारला, एकुलता मुलगाही गेला. नवऱ्याच्या मागं थोडी मालमत्ता आणि राहतं घर एवढं तिच्याकडं उरलं.

ती मेथडिस्ट पंथाच्या चर्चमध्ये जायची. तिथं गुलामांनाही शिकवायचे, देवापुढं सगळे सारखे म्हणून सांगायचे. मळेवाल्यांना हे खुपत होतं. 1823 च्या ऑगस्टात जवळच्या डेमेरारा वसाहतीत गुलामांचा मोठा उठाव झाला आणि त्याचा ठपका तिथल्या धर्मोपदेशकावर ठेवला गेला. त्याची आग इकडं पोचली. ऑक्टोबर 1823 मध्ये गोऱ्यांच्या जमावानं ब्रिजटाऊनमधलं ते चर्च पाडून भुईसपाट केलं. तिथले धर्मोपदेशक विल्यम श्रूजबरी बायकोला घेऊन बेट सोडून गेले. चर्च पाडणाऱ्या कुणालाही शिक्षा झाली नाही.

आता लोकांनी जमायचं कुठं? इमारत नाही, पुढारी नाही, सरकार पाठीशी नाही. तेव्हा सारा गिलनं आपल्या घराचं दार उघडलं. म्हणाली असेल, इथं बसा. तिनं केलं ते एवढंच, तायांनो. भाषण नाही, मोर्चा नाही. घरात लोकांना बसायला जागा दिली आणि प्रार्थना चालू ठेवली. त्यासाठी तिच्यावर खटले भरले. घरात हत्यारं लपवली आहेत असा आळ घेतला. घराची नासधूस करू अशा धमक्या आल्या. पण तिनं बैठक मोडली नाही. एक-दोन दिवस नाही, वर्षभराहून जास्त काळ. लंडनच्या पार्लमेंटातसुद्धा 1825 साली त्या पाडलेल्या चर्चची चर्चा झाली. पुढं चर्च परत उभं राहिलं. आज तिथं एका चर्चला तिचं नाव आहे.

सारा गिल 1866 ला वारली. राष्ट्रीय वीर झाली 1998 ला. मध्ये किती वर्षं गेली? एकशे बत्तीस.

तुमच्यातल्या काही जणी एकमेकींकडं बघायला लागल्यात, ते दिसतंय मला. तुम्हाला कोण आठवलं ते मला कळलंय. त्यावर मी येणारच आहे. आधी ती यादी पुरी करू.

यादीत कामगारांसाठी झटलेले लोक आहेत. डॉक्टर चार्ल्स डंकन ओनील आहेत, त्यांनी दवाखाना सांभाळून गरिबांची संघटना बांधली. क्लेमेंट पेन आहे. 1937 साली तो मजुरांच्या सभा घ्यायचा. शिका, आवाज उठवा, पण हिंसा करू नका, असं सांगायचा. बाबासाहेबांचं सांगणं ज्यांच्या कानात आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. सरकारनं त्याला बेटाबाहेर काढलं. लोक खवळले, दंगल झाली, गोळीबारात चौदा जण मेले. चार वर्षांनी भाषण करता करताच तो कोसळला आणि गेला. त्याच दंगलीनंतर तिथं कामगार संघटना उभ्या राहिल्या. त्या चालवणारे ह्यू स्प्रिंगर आणि फ्रँक वॉलकॉट यांचीही नावं यादीत आहेत.

एक गंमत सांगते. त्या बेटावर बायका-पुरुष मिळून दर आठवड्याला ठरलेली रक्कम जमा करतात आणि जमलेली सगळी रक्कम पाळीपाळीनं एकेकाला मिळते. म्हणजे आपली भिशीच! तिथं तिला 'मीटिंग टर्न' म्हणतात. सात समुद्रापलीकडं बायकांनी पैसा जपायची तीच रीत काढली. बँक दारात उभं करत नसेल तर माणूस माणसावरच विश्वास टाकणार, मग तो देश कुठलाही असो.

आता एक नाव तुमच्या घरातल्या क्रिकेटवेड्यांना विचारा. गारफील्ड सोबर्स, सगळे गॅरी सोबर्स म्हणतात. एका षटकात सहा षटकार मारणारा पहिला खेळाडू, 1968 साली. आपले अजित वाडेकर 1971 साली वेस्ट इंडीजला त्यांच्याच मैदानांवर हरवून आले ना, तेव्हा समोरचा कर्णधार हाच सोबर्स. हाही राष्ट्रीय वीर. पण मला त्याच्या धावांपेक्षा त्याच्या आईचं जास्त वाटलं. वडील व्यापारी जहाजावर कामाला होते. दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या जानेवारीत, जर्मन पाणबुडीनं ते जहाज बुडवलं. गॅरी तेव्हा पाच वर्षांचा. आई थेल्मा एकटी आणि पदरात सहा लेकरं. तिनं ती वाढवली. गॅरीचं नाव यादीत आहे. थेल्माचं नाही.

आणखी एक नाव त्या यादीत नाही, ते मुद्दाम सांगते. बुसाच्या उठावात एक बाई होती, नॅनी ग्रिग. मळेवाल्याच्या घरात काम करणारी गुलाम बाई, पण तिला वाचता येत होतं. ती वर्तमानपत्र वाचायची आणि बाकीच्यांना सांगायची की तिकडं इंग्लंडात आपल्याबद्दल काय चाललंय, आपण मोकळं व्हायची भाषा चालू आहे. उठावानंतर जी चौकशी झाली तिच्या कागदांत तिचं नाव आलं, म्हणून आज आपल्याला ती कळते. आपल्या गटात काय होतं? हे वार्तापत्र येतं, एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात. ती जी वाचून दाखवते ना, तिची कधी कुणी नोंद केली का?

अकरावं नाव तर पोरीबाळींना ठाऊक असेल. रिहाना. ती गाणारी, 2024 साली अंबानींच्या घरच्या लग्नाआधीच्या सोहळ्यात जामनगरला आली होती ती. ब्रिजटाऊनच्या साध्या वस्तीत वाढली, लहानपणी वडिलांबरोबर रस्त्यावर कपड्यांच्या स्टॉलवर उभी राहायची. पुढं जगभर गाजली. स्वतःचा सौंदर्यप्रसाधनांचा धंदा काढला आणि 2017 साली पहिल्याच खेपेला चेहऱ्याच्या क्रीमच्या चाळीस छटा बाजारात आणल्या, म्हणजे गडद सावळ्या बाईलाही आपल्या रंगाची मिळावी. आजी-आजोबांच्या नावानं संस्था काढली, गावच्या रुग्णालयाला कर्करोगाच्या उपचारांसाठी मदत केली. 30 नोव्हेंबर 2021 ला बार्बाडोसनं इंग्लंडच्या राणीला देशप्रमुख मानणं सोडलं आणि तो देश प्रजासत्ताक झाला. त्याच मध्यरात्रीच्या सोहळ्यात पंतप्रधान मिया मॉटली यांनी रिहानाला राष्ट्रीय वीर जाहीर केलं. पंतप्रधान बाई, नव्या राष्ट्राध्यक्ष सँड्रा मेसन बाई आणि सन्मान घेणारी पण बाई. तेव्हा रिहाना तेहतीस वर्षांची होती. एकीला मेल्यावर एकशे बत्तीस वर्षांनी सन्मान, दुसरीला भर तारुण्यात, आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत.

अकरात बायका किती? दोन. हा हिशोब आपण चटकन करतो. म्हणजे त्यांचीही यादी परिपूर्ण नाही. पण त्या दोघींपैकी एक अशी आहे की जिनं फक्त दार उघडं ठेवलं. एका देशाला ते वीराचं काम वाटलं. मला वाटलं नव्हतं. म्हणून मी कागद मागं घेतेय.

आता आपल्या ओसरीची गोष्ट.

आमच्या गावात गट सुरू केला तेव्हा आम्ही अकरा जणी होतो. महिन्याला तीस रुपये बचत. बसायला जागा मिळेना. माझ्या सासूबाई म्हणाल्या, आमच्या दारात बायकांचा बाजार नको. देवळात बसलो तर उठवलं. शाळेत किल्ली मिळेना. तेव्हा खालच्या आळीतल्या एका मावशींनी आपली ओसरी दिली. नवरा वारलेला, लेक सासरी. पहिल्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी भावकीतले लोक दारात आले. घर वडिलोपार्जित आहे, इथं असले धंदे नकोत, म्हणाले. मावशी त्यांना काहीच बोलल्या नाहीत. आम्हाला म्हणाल्या, "पाऊस लागला तर आत बसा, पण बैठक मोडू नका." चार वर्षं आम्ही तिथं बसलो. त्या चार वर्षांत त्यांच्याशी भावकीतलं कुणी बोलत नव्हतं. हळदीकुंकवाला तर त्यांना तसंही कुणी बोलवत नव्हतंच.

मावशींना मागच्या वर्षी देवाज्ञा झाली. मी या मसुद्यासाठी जुनं इतिवृत्ताचं रजिस्टर काढलं. लेखनिक मीच होते, अक्षर माझंच. 'बैठकीचे ठिकाण' या रकान्यात काय लिहिलंय? मावशींच्या नवऱ्याचं नाव. पुढं 'कैलासवासी' आणि 'यांचे घरी'. चार वर्षं, अठ्ठेचाळीस बैठका, अठ्ठेचाळीस वेळा मी वारलेल्या माणसाचं नाव लिहिलं. जिनं ओसरी झाडून सतरंजी टाकली, तिचं नाव ठिकाणाच्या रकान्यात एकदाही नाही. कुणी मला असं लिही म्हणून सांगितलं नव्हतं. घर म्हटलं की पुरुषाचं, हे माझ्याच डोक्यात होतं.

मग मी मावशींना माझ्या मसुद्याप्रमाणं गुण देऊन बघितले. बचत होती, पण आजारपणात तीन महिने खंड. परतफेड एकदा लांबली. व्यवसाय नाही, चार कोंबड्या. हजेरी मात्र पूर्ण. बेरीज झाली बत्तीस. ज्या बाईशिवाय आमचा गट दुसरी बैठक बघू शकला नसता, तिला माझ्या नियमानं पासाचे पस्तीस गुणसुद्धा पडले नाहीत.

तायांनो, बचत, परतफेड, उलाढाल यांचं मोल मी कमी करत नाही. कष्ट करून धंदा वाढवणाऱ्या बाईचा सन्मान झालाच पाहिजे. बँकेत आपली पत आहे ती या आकड्यांवरच. पण हे आकडे ज्या जागेवर बसून जमले, ती जागा कुणीतरी दिली होती. माझ्या नियमांत तिचा रकानाच नव्हता.

म्हणून सभेपुढं तीन दुरुस्त्या मांडते.

एक. पाच पुरस्कारांपैकी तीन आकड्यांवर द्यावेत, दोन बिनआकड्यांचे असावेत. अडचणीच्या काळात जिनं जागा दिली, वाचून दाखवलं, रात्रीअपरात्री सोबत केली, भांडण मिटवलं, गट फुटू दिला नाही, अशीला ते मिळावेत. तिचं नाव कार्यालयानं ठरवायचं नाही. तिच्या गटातल्या बायकांनी एकत्र बसून सुचवायचं.

दोन. प्रत्येक गटानं येत्या मासिक बैठकीत जुनं रजिस्टर काढावं आणि पहिली बैठक कुणाच्या घरी झाली ते शोधावं. नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव असेल तर त्याखाली त्या बाईचं नाव लाल शाईनं लिहावं आणि सगळ्यांनी सह्या कराव्यात. जुनी नोंद खोडू नका. आपण तेव्हा कसं लिहीत होतो तेही पुढच्या पोरींना दिसू दे.

तीन. पुरस्कार या सभागृहात द्यायचा नाही. तो तिच्या गावात, तिच्याच दारात जाऊन द्यायचा. तेव्हा नावं ठेवणारे जे शेजारी आज हयात असतील, त्यांनाही चहाला बोलवायचं. भांडायला नव्हे, बघायला. आणि बाई जिवंत असतानाच द्यायचा. वय जास्त असेल तिचा नंबर आधी.

एक शेवटचं. आमच्या रजिस्टरमध्ये मी परवा रात्री लाल शाईनं मावशींचं नाव लिहिलं. अठ्ठेचाळीस ठिकाणी लिहायला तासभर लागला. भाची विचारत होती, "आत्या, आता लिहून काय उपयोग?" तिला मी उत्तर दिलं नाही. मावशींना उपयोग नाही हे खरंच आहे. पण इथं समोर बसलेल्यांत अशा कितीतरी जणी आहेत, ज्यांच्या ओसरीवर अजून सतरंजी पडते. त्यांच्यासाठी उशीर झालेला नाही.

माझा मसुदा मी मागं घेते. या तीन दुरुस्त्यांसह ठराव मताला टाकावा, अशी अध्यक्षताईंना विनंती करते. जय जिजाऊ, जय सावित्री.

(ठराव दुरुस्त्यांसह हात वर करून एकमताने मंजूर झाला. गटांनी आपल्या पहिल्या बैठकीचे ठिकाण आणि त्या घरातील भगिनीचे नाव पुढील महिन्याच्या अहवालासोबत संघ कार्यालयात द्यावे. — संपादक मंडळ)